थरारक गाडी, कंटाळवाणा मालक

२००८ साली टाटा मोटर्सने जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली, तेव्हापासून इंग्लंडातलं कॉव्हेंट्री आणि आपलं पिंपरी-चिंचवड यांच्यातलं येणं-जाणं वाढलं. मीही त्याच वाटेने कॉव्हेंट्रीला आलो आणि इथलाच झालो. पुण्याहून नव्याने आलेली मुलं जरा स्थिरावली, की त्यांच्यातला एखादा हमखास विचारतो, "दादा, जुनी इम्प्रेझा टर्बो घेऊ का? रोज वापरायला जमेल?" विचारतो मला, कारण माझी रोजची गाडी तीच आहे: सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स, निळी, बॉनेटवर हवेचं भोक असलेली.

ही ओढ मला समजते. १९९५ साली कॉलिन मॅक्रे या स्कॉटिश पठ्ठ्याने इम्प्रेझा चालवून जागतिक रॅलीचं अजिंक्यपद मिळवलं, २००१ साली इंग्लंडच्या रिचर्ड बर्न्सने. सुबारूच्या रॅलीच्या त्या गाड्या बांधणाऱ्या प्रॉड्राइव्हचं बॅनबरी आमच्यापासून तासाभराच्या आत आहे. आमच्या पिढीने ही गाडी आधी कॉम्प्युटरच्या पडद्यावर पळवली आणि मग रस्त्यावर पाहिली. पगार सुरू झाला की हात शिवशिवणारच.

माझं उत्तर ठरलेलं आहे. घे, पण थरारक गाडीचा सगळ्यात कंटाळवाणा नमुना शोधून घे. म्हणजे काय, ते पुढे क्रमाने लिहितो.

१. रोजची की रविवारची, हे आधी ठरवा

रविवारच्या गाडीचा एखादा भाग जपानहून यायला महिना लागला तरी बिघडत नाही. रोजच्या गाडीला जानेवारीत सकाळी सात वाजता, काचेवर बर्फाचा थर असताना, एका किल्लीत सुरू व्हावं लागतं. तिच्यातून मुलं शाळेत जातात, किराणा येतो, विमानतळावरून आईच्या बॅगा येतात.

या कसोटीवर जुन्या जपानी टर्बो गाड्यांची यादी लवकर आटते. मझदा आरएक्स-७ चं रोटरी इंजिन मुळातच थोडं ऑइल जाळत चालतं, आणि ते उघडून नीट जोडणारे हात कमी. मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन अफाट गाडी, पण तिच्या बऱ्याच मॉडेलांना दर ४,५०० मैलांवर सर्व्हिस लागते. रोज मोठं अंतर कापणाऱ्याला ते परवडत नाही. निसान २००एसएक्स मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे इथल्या ओल्या नोव्हेंबरात रोज जपून चालवावी लागते. इम्प्रेझाला चार दारं, बरी डिकी आणि चारही चाकांना ताकद. म्हणून मी तिच्यापाशी थांबलो.

२. गाडीच्या आधी मालक बघा

या गाड्या आज कशा आहेत हे कारखान्यापेक्षा त्यांच्या आधीच्या मालकांनी ठरवलेलं असतं. चांगला विक्रेता कसा ओळखावा? दार उघडताच तो आवाजाबद्दल बोलत नाही, पावत्यांची फाइल पुढे करतो. कोणतं ऑइल, कोणत्या मैलावर, क्लच कधी बदलला, हे त्याला तोंडपाठ असतं. तो स्वतः गाडीइतका थरारक नसतो, आणि हीच त्याची खूण.

फाइलवर न थांबता सरकारी नोंदी बघाव्यात. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी होते, आणि नंबर टाकला की तिचा जुना इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो: कधी नापास झाली, कशासाठी, तेव्हा किती मैल झाले होते. मैल मधेच कमी झाले असतील तर मीटर मागे फिरवला असण्याची शंका घ्यावी. एखाद्या वर्षी मैल जेमतेम वाढले असतील तर गाडी बंद पडून होती का, हे विचारावं. 'टायर काठाशी आले', 'खाली गंज दिसतो' असे इशारे दर वर्षी तसेच्या तसे येत असतील, तर मालक फक्त पास होण्यापुरता खर्च करत होता हे कळतं. शिवाय थोडे पैसे भरून गाडीवर कर्ज बाकी आहे का आणि विमा कंपनीने ती कधी मोडीत काढली होती का, हे तपासून घ्यावं. २०१७ च्या ऑक्टोबरपासून अशा दुरुस्त होणाऱ्या गाड्यांना 'एस' किंवा 'एन' हा वर्ग मिळतो. त्याआधी 'सी' आणि 'डी' होते. 'एस' म्हणजे सांगाड्याला मार बसलेला. रोजच्या वापरासाठी अशी गाडी मी दारात उभी करणार नाही.

३. नोंदणीची तारीख अश्वशक्तीपेक्षा महाग पडू शकते

इथे जुन्या इम्प्रेझाला 'क्लासिक' म्हणतात. ती २००० पर्यंतची. त्यानंतरची २००७ पर्यंतची 'न्यू एज'. आधी दोन लिटरचं इंजिन, २००६ च्या सुमारास अडीच लिटरचं. ताकद दोनशे अश्वशक्तीच्या थोडी वर, आणि ती रोजच्या रस्त्यावर पुरून उरते.

आता तारखा. २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेल्या जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या गाड्यांना रस्ता कराची एक मर्यादा आहे. त्या दिवसापासून नोंदलेल्या तशाच गाडीला वरचा वर्ग लागतो आणि कर दीडपटीहून जास्त होतो. म्हणजे जुनी गाडी स्वस्त. पण लंडनच्या यूएलईझेड, म्हणजे अति-कमी उत्सर्जनाच्या, क्षेत्रात पेट्रोल गाडी युरो ४ या उत्सर्जन दर्जाची नसेल तर दिवसाला १२.५० पौंड पडतात. २९ ऑगस्ट २०२३ पासून हे क्षेत्र लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये पसरलं आहे. बर्मिंगहॅमच्या मध्यभागात अशाच गाडीला २०२१ पासून दिवसाला आठ पौंड. युरो ४ गाड्या साधारणपणे २००६ च्या सुरुवातीपासूनच्या. तिथे नवी गाडी स्वस्त.

म्हणून २००६ च्या सुरुवातीपासून २२ मार्चपर्यंत नोंदलेली गाडी दिसली की जाणकार कान टवकारतात. सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून दोन्ही गोष्टी तपासा आणि मगच बघायला निघा. नोकरी बर्मिंगहॅमच्या मध्यात असेल तर वर्षभराचा आकडा कागदावर मांडा. गाडीची किंमत त्यापुढे लहान वाटू लागते.

४. इंजिन थंड असतानाच ऐका

बघायला जाण्याआधी विक्रेत्याला सांगून ठेवा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा घ्या, दोन तास थांबा किंवा परत या.

या गाडीत बॉक्सर इंजिन आहे. चार पिस्टन समोरासमोर आडवे चालतात, त्यामुळे वजन खाली राहतं आणि वळणावर गाडी जमिनीला चिकटते. थंडीत सुरू केल्यावर हलकी टकटक येऊन इंजिन तापल्यावर गेली, तर बहुतेक वेळा पिस्टन सैल बसल्याचा तो आवाज असतो. दोन लिटरच्या इंजिनात तो पुष्कळदा ऐकू येतो. तापल्यावरही राहणारी आणि अॅक्सिलरेटरबरोबर वाढणारी जड ठोक म्हणजे खालच्या बेअरिंगचं दुखणं. ती ऐकली की आभार मानून निघावं. त्या दुरुस्तीत पुष्कळदा अख्खं इंजिन येतं.

धूरही वाचता येतो. निळा दिसला तर ऑइल जळतंय, तिथे टर्बोची सील किंवा व्हॉल्व्ह संशयित. गोडसर वासाचा पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत शिरतंय. हिवाळ्यातली वाफ आणि हा धूर यांत गल्लत करू नका. वाफ विरते, धूर रेंगाळतो.

५. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर म्हणजे किंमत कमी करायचं कारण

जाहिरातीत 'हजारो पौंडांचे बदल केलेत' असं लिहिलेलं असतं. विकणाऱ्याला ती भर वाटते. रोज वापरणाऱ्याने ती वजाबाकी धरावी.

कारण यांत्रिक आहे. इंजिनात येणारी हवा सेन्सरवर मोजली जाते आणि त्या मापाने पेट्रोल सोडलं जातं. मूळ रचनेत गियर बदलताना उरलेली दाबाखालची हवा परत आतच वळवली जाते. हौशी मंडळी तिथे बाहेर 'फिस्स' करणारा व्हॉल्व्ह बसवतात. मोजलेली हवा बाहेर जाते, तिच्या मापाचं पेट्रोल मात्र आत पडतं. हवेचा फिल्टर बदलला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला, टर्बोचा दाब वाढवला आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरचं गणित तसंच ठेवलं, तर पेट्रोल कमी पडून पिस्टन भाजू शकतो. शिवाय मूळचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली गाडी एमओटीत नापास होते.

सगळेच बदल वाईट नसतात. नामांकित ट्यूनरने गाडी रोलरवर चालवून करून दिलेलं रीमॅपिंग, म्हणजे त्या कॉम्प्युटरचं नवं गणित, कागदासकट असेल तर ठीक. कागद नसेल तर तो बदल कोणी, कधी, कोणत्या धुंदीत केला हे तुम्हाला कळणार नाही. मी मूळ स्थितीतली गाडी शोधली. ती मिळायला वेळ लागतो, कारण तिचा मालक ती सहसा विकत नाही.

६. थेट जपानहून आलेली गाडी वेगळी समजा

ब्रिटनमध्ये गाडी उजव्या स्टिअरिंगचीच, त्यामुळे जपानच्या बाजारात विकलेल्या कितीतरी इम्प्रेझा जहाजाने इथे आल्या. त्यांची ताकद जास्त. जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवलेली २८० अश्वशक्तीची मर्यादा कागदावर पाळली जायची तेव्हाच्या एसटीआय मॉडेलांनी ती काठोकाठ गाठली होती. पण त्या इंजिनांचं गणित जपानच्या १०० ऑक्टेन पेट्रोलवर बसवलेलं असतं. इथल्या साध्या पंपावर ९५ मिळतं, महागातलं ९७ ते ९९. कमी ऑक्टेनचं पेट्रोल दाबाखाली वेळेआधी पेटतं, ठिणगीची वाट बघत नाही, आणि तेच ठोके पिस्टनवर बसतात. अशी गाडी घ्यायची तर इथल्या पेट्रोलला जुळवून घेतल्याचा कागद मागा, आणि टाकीत कायम महागातलंच भरा. बजेट करताना तोच दर धरा.

जपानी मूळ गाडीचा वेग ताशी १८० किलोमीटरला अडवलेला असतो आणि मीटर किलोमीटरचा. तो मैलांत बदलताना नोंदींचा घोळ होतो, म्हणून तिथल्या लिलावाचा कागद आणि इथला पहिला एमओटी शेजारी ठेवून आकडे जुळवा. इथे नव्यानेच राहायला आलेल्या माणसाने इथेच विकलेली गाडी घ्यावी, हे माझं मत.

७. टायमिंग बेल्टची पावती नसेल तर तो बदललेला नाही असं धरा

'मागच्या मालकाने केला होता म्हणे' या वाक्याला किंमत शून्य. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. बेल्टला मैलांइतकीच वर्षांचीही मुदत असते, त्यामुळे 'कमी चाललेली' हा बचाव चालत नाही. बदलताना आयडलर, टेन्शनर आणि पाण्याचा पंप सोबत बदलून घ्या. उघडायची मजुरी तीच, आणि पुष्कळदा बेल्ट धड असतानाच आयडलरचं बेअरिंग जाम होऊन त्याला घेऊन जातं.

८. ऑइल तापेपर्यंत गाडी म्हाताऱ्यासारखी चालवा

टर्बोचं चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं आणि ते तरंगतं ऑइलच्या पातळ थरावर. डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचं तापमान दाखवतो. पाणी आधी तापतं, ऑइल नंतर. काटा मध्यावर आला तरी आणखी काही मैल पाय हलका ठेवायचा. मुक्कामाजवळ आल्यावर शेवटचे दोन मैलही तसेच, म्हणजे टर्बोतलं ऑइल तिथेच जळून घट्ट होत नाही.

डिपस्टिक दर आठवड्याला बघायची, सपाट जमिनीवर, इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर. ही इंजिनं दोन सर्व्हिसच्या मधे ऑइल पितात. पातळी खाली असताना लांब जोरकस वळण घेतलं की पंप हवा ओढतो, आणि बेअरिंग तिथेच संपतं. कंपनीच्या मुदतीच्या आधीच ऑइल बदलणं ही या गाडीवरची सगळ्यात स्वस्त गुंतवणूक.

यामुळेच ज्याचं ऑफिस दीड मैलावर आहे त्याने ही गाडी घेऊ नये. इंजिन रोज अर्धवट तापून बंद होणार. सायकल बरी.

९. चार टायर एकदमच

पाच गियरच्या इम्प्रेझात पुढची आणि मागची चाकं मधल्या डिफरन्शियलने जोडलेली असतात. एक नवा आणि तीन झिजलेले टायर असले की घेर वेगळे होतात, मधला जोड सरळ रस्त्यावरही सतत फरक भरून काढत तापत राहतो, आणि शेवटी जातो. एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे, सारख्या झिजेचे टायर हवेत. बघायला गेलात तर टायर वाचून काढा. चार नावं चार असतील तर मालकाने बाकी कुठे काटकसर केली असेल, तेही समजतं.

गाडी तापल्यावर मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. अडखळत, उड्या मारत चालली तर मधला जोड आखडला आहे. गियरबॉक्स दुसऱ्या गियरला करकरतो का, तेही ऐका. सिग्नलवरून उडवलेल्या गाड्या तिथे बोलतात.

१०. गंज वरून दिसत नाही तोवरच बघा

इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. कोकणातल्या माणसाला खाऱ्या हवेने लोखंडाचं काय होतं ते सांगायला नको. मागच्या चाकांवरच्या कमानी, दारांखालचे सिल, मागच्या सस्पेन्शनचे बुरूज आणि खालची चौकट ही ठरलेली ठिकाणं. इंजिन पैसे टाकून नवं मिळतं, सांगाडा मिळत नाही. अडचण आलीच तर थोडं थकलेलं इंजिन आणि कोरा सांगाडा निवडा. घेतल्यावर दर शरद ऋतूत खालून गंजरोधक मेण मारून घ्यावं आणि हिवाळाभर खालचा भाग पाण्याने धुवत राहावं.

११. इन्शुरन्सचा आकडा आधी, चाचणीफेरी नंतर

भारतीय लायसन्सवर इथे पहिले बारा महिने गाडी चालवता येते, पुढे इथली परीक्षा द्यावी लागते. नव्या लायसन्सवर, टर्बो गाडीवर, रात्री रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर विम्याचा हप्ता किती येतो ते बघून भल्याभल्यांचं वेड उतरतं. माझी भारतातली अपघातमुक्त वर्षं एका कंपनीने धरलीच नाहीत. दुसऱ्या एका दलालाने धरली. म्हणून चार ठिकाणी फोन करा, जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचाच विमा करणाऱ्यांनाही. प्रत्येक बदल सांगा, अगदी चाकांच्या रिम्ससुद्धा. न सांगितलेला बदल दावा करताना निघाला तर पैसे अडकतात.

१२. किंमत दिल्यावर खिसा रिकामा होत असेल तर थांबा

खरेदीनंतरच्या पहिल्या वर्षासाठी वेगळी रक्कम बाजूला असलीच पाहिजे: बेल्ट, टायर, ब्रेकचे आखडलेले कॅलिपर, मागची व्हील बेअरिंग. पेट्रोलचं म्हणाल तर लिटरला सात ते नऊ किलोमीटर धरा. एक भरवशाचा, याच गाड्यांवर काम करणारा मेकॅनिक आधी शोधा आणि त्याच्याकडून खरेदीपूर्वी तपासणी करून घ्या. घरात दुसरी गाडी किंवा जवळ बसथांबा असावा. भाग यायला उशीर होतोच.

घरच्यांनाही मागच्या सीटवर बसवून फिरवून आणा. माझी आई पुण्याहून आली तेव्हा तिने दोनच गोष्टी विचारल्या: खड्डा इतका का लागतो, आणि बॉनेटला भोक का? दुसऱ्याचं उत्तर सोपं होतं. टर्बोने दाबलेली हवा गरम होते, ती गार करणारा इंटरकूलर त्या भोकाखाली असतो. गाडी गर्दीत उभी राहिली की तो तापतो आणि ताकद उतरते. पहिल्याचं उत्तर मूळ सस्पेन्शन. मी कोणी आणखी खाली बसवलेली गाडी घेतली असती तर आई पुन्हा मागे बसली नसती.

ज्याला हा खटाटोप अवघड वाटतो त्याला मी फॉरेस्टर टर्बो सुचवतो. त्याच घराण्यातलं बॉक्सर टर्बो इंजिन, पण उंच, चौकोनी, कोणी वळून न बघणाऱ्या पेटीत. तिचे आधीचे मालक बहुतेक कुत्रा आणि बागकामाचं सामान नेत असत. तिला सिग्नलवर कोणी डिवचत नाही, त्यामुळे गियरबॉक्स शाबूत सापडण्याची शक्यता जास्त.

एक प्रश्न प्रत्येकजण शेवटी विचारतो: परत जाताना पुण्याला नेता येईल का? नाही. तीन वर्षांहून जुनी, वापरलेली गाडी भारतात सर्वसाधारण नियमाने आयात करता येत नाही. म्हणजे ही गाडी इथेच घ्यायची, इथेच वापरायची, आणि कधीतरी पावत्यांची जाड झालेली फाइल पुढच्या माणसाच्या हातात द्यायची.

विचारणाऱ्याची मी घेतो ती परीक्षा आता एकच. ही यादी ऐकवताना समोरचा मुलगा तिसऱ्या मुद्द्यालाच मोबाइलवर गाडीचे फोटो चाळू लागला, तर मी त्याला भाड्याची गाडी घेऊन एक दिवस ट्रॅकवर जायला सांगतो, हौस फिटते. पण त्याने मधेच थांबवून "बेल्टच्या वेळी पाण्याचा पंप म्हणालात ना?" असं विचारून लिहून घेतलं, तर मी त्याच्याबरोबर गाडी बघायला जातो.